शार्दूलचा दाखला

रविवार, २० ऑक्टोबर २०२४

फादर जोकिम म्हणाले, लिहा, म्हणून लिहिते आहे. सातवी सोडल्यापासून मापांशिवाय काही लिहिलेलं नाही. ही वहीसुद्धा शिवणाच्या मापांचीच. पुढून उघडली तर सुकापूरच्या निम्म्या शाळकरी पोरांच्या छात्या नि कंबरा सापडतील. मागची पानं कोरी होती.

फादर म्हणाले, देवाला सगळं माहीत असलं तरी पहिल्यापासून सांगा. सांगताना आपलं आपल्याला कळतं.

तर मी रंभा काशिराम साळवे. बाप्तिस्म्याचं नाव मग्दालेना, पण त्या नावाने कुणी हाक मारत नाही. माहेर संगमनेरकडचं. लग्न होऊन पनवेलला आले, पस्तीस वर्षं झाली. मालक अकरा वर्षांपूर्वी गेले. एकच मुलगा, शार्दूल. न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर. त्याची बायको एलिशा माझ्याजवळ असते. ती कामोठ्याला क्लासमध्ये गणित शिकवते. तिला आई-बाप नाहीत, सिस्टरांच्या बोर्डिंगात वाढली. लग्न करून या घरात आली तेव्हा पहिल्या दिवशी म्हणाली होती, ‘तुम्हाला आई म्हटलं तर चालेल? मी कधी कुणाला म्हटलेलं नाही.’

गुरुवारी ती क्लासमधून आली आणि म्हणाली, ‘आई, जरा बोलायचंय. मशीन थांबवता का?’

मी मशीन थांबवलं नाही. तिचा आवाज ऐकूनच पाय जोरात चालायला लागला.

‘आनंदा लोखंडेंनी मला लग्नाचं विचारलंय.’

हा कामोठ्याचा. आपल्यातलाच, चर्चला येतो. बायको कोरोनात गेली. मुलगी एलिशाच्या क्लासला आहे, सात वर्षांची.

‘तू काय सांगितलंस?’

‘घरी विचारते म्हटलं.’

मी म्हटलं, ‘घरी कोण आहे विचारायला?’ आणि मग मला वाटलं, हे मी चुकीचं बोलले. पण बोलून झालं होतं.

आज चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाल्यावर फादरांना सांगितलं. म्हटलं, मला हे नको आहे. ते म्हणाले, नऊ दिवस एक छोटी प्रार्थना म्हणा. ‘प्रभू, जे मी घट्ट धरलं आहे ते तुझ्या हाती देते, तू सांभाळ.’ रोज एक गोष्ट मनात धरायची नि सोडायची. जमलं, नाही जमलं, ते लिहायचं.

मग त्यांनी विचारलं, ‘आणि शार्दूल?’

म्हटलं, ‘फादर, तो तर देवाकडेच आहे. त्याचं आणखी काय द्यायचं?’

फादर चष्मा पुसत बसले.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

काल दुपारचा चहा देवाला दिला. आज टीव्ही. शेजारच्या हेप्झिबाला सांगितलं तर ती हसत सुटली. ‘अगं रंभा, देव काय चहा पितो का टीव्ही बघतो?’ हेप्झिबा बेने इस्रायल आहे, म्हणजे इकडचीच मराठी ज्यू, बँकेतून रिटायर झालेली. तिची दोन्ही मुलं तिकडे इस्रायलला. तिला उपास-तापास मी सांगायला लागत नाहीत, माझ्याहून जास्त पाळते. पण ती कशालाही हसते.

सोमवार, २८ ऑक्टोबर

नववा दिवस. मधले दिवस लिहिण्यासारखं नव्हतं. बांगड्या, मालकांचं घड्याळ, माहेरची जमीन भावाने लुबाडली त्याचा राग, असं एकेक सोडलं. राग पूर्ण नाही सुटला.

आज म्हटलं, ‘प्रभू, एलिशाला तुझ्या हाती देते.’ म्हटलं खरं. मग लगेच म्हटलं, ‘पण तिला इथेच ठेव.’

हे मोजायचं की नाही, फादरांना विचारलं पाहिजे.

शनिवार, २ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. कबरस्तानात सगळे जातात, कबरी धुतात, फुलं वाहतात, फादर पाणी शिंपडतात. माझा गुडघा धरला होता. गेल्या वर्षीही याच दिवशी धरला होता, त्याच्या आदल्या वर्षीही. हवेचा असेल. एलिशा एकटीच गेली. परत आली तेव्हा बोटांना मेण चिकटलेलं होतं. ते खरवडत बराच वेळ बेसिनपाशी उभी होती. मी म्हटलं, ‘गरम पाणी घे, निघेल.’

जेवायला भेंडी केली नाही. शार्दूलला भेंडी चालत नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

आनंदा आला होता, मुलीला घेऊन. मीच एलिशाला म्हटलं होतं, त्याला आण घरी, बघू दे. माणूस वाईट नाही. सोफ्याच्या कडेवर बसला. चहा बशीत न ओतता प्यायला, गरम लागला तरी. मी विचारलं, पहिल्या बायकोचा फोटो घरात आहे का? म्हणाला, ‘आहे. काढणार नाही. एलिशा म्हणाली, काढू नका.’

त्या मुलीचं नाव मारिया. ती माझ्या मशीनपाशी आली, चाक फिरवून पाहिलं. मग म्हणाली, ‘माझी मम्मी वारली. तुमचा मुलगापण वारला ना?’

मी म्हटलं, ‘तो न्हावा शेव्याला असतो.’

ती एलिशाकडे बघायला लागली. एलिशा उठून आत गेली. आनंदा खाली फरशीकडे बघत होता.

लहान मुलीला मरणाच्या गोष्टी कशाला सांगायच्या, घाबरेल, म्हणून तसं म्हटलं. एवढंच. पण ते गेल्यावर एलिशाने भांडी तेवढी घासली.

रविवार, २४ नोव्हेंबर

दोन महिने म्हणता म्हणता जातील. फादरांनी तारीख दिली, १८ जानेवारी, शनिवार. त्याआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतील. त्याच्याआधी कागद द्यायचे. बाप्तिस्म्याचा दाखला, पहिल्या लग्नाचा दाखला, आणि शार्दूलच्या मृत्यूचा दाखला. तो नसेल तर नावं पुकारता येत नाहीत.

एलिशाने विचारलं, ‘आई, त्याचा दाखला तुमच्याकडे आहे ना?’

‘बघते,’ म्हटलं.

तो लोखंडी कपाटात आहे. वरच्या खणात, माझ्या लग्नाच्या शालूच्या घडीत. तिथेच आहे पहिल्यापासून. माझ्या भावाने आणून दिला, तसा पाकिटासकट ठेवला, उघडूनही पाहिला नाही. मी लपवलेला नाही. लपवणं म्हणजे जागा बदलणं. मी जागा बदललेली नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर

‘सापडला का?’

‘नाही गं. कुठे गेला काय माहीत.’

‘मी शोधू?’

‘माझ्या कपाटाला हात लावू नकोस,’ मी एकदम ओरडले. एलिशावर मी कधी आवाज चढवलेला नाही. ती म्हणाली, ‘बरं.’ नुसतं ‘बरं.’

रविवार, ८ डिसेंबर

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा दुसरा रविवार. पापनिवेदन केलं. सांगितलं की मी हेप्झिबावर चिडले, दोन दिवस जपमाळ चुकवली, एका गिऱ्हाइकाच्या स्कर्टला कापड कमी पडलं तर दोष तिच्यावर ढकलला. फादर थांबले. ‘आणखी काही?’ ‘नाही फादर.’

पापनिवेदनाच्या खोक्यातल्या जाळीतून मला त्यांचा कान तेवढा दिसत होता. त्यांना पांढरे केस आहेत कानावर.

हेप्झिबावर का चिडले ते लिहिते. ती म्हणाली, ‘दाखला सापडत नाही म्हणतेस. रंभा, तू कापडाचा चिंधीएवढा तुकडा हरवत नाहीस.’

मी म्हटलं, ‘तुला काय कळणार. तुझी पोरं गेली, तू हसत बसतेस.’

ती तेव्हा मात्र हसली नाही. म्हणाली, ‘पोरांना विमानतळावर सोडून आले ना, तेव्हा टॅक्सीत बसून मी ड्रायव्हरला म्हटलं, भाऊ, मोठ्याने गाणी लाव. वाशी येईपर्यंत रडत होते. घरात आल्यावर हसले. तू उलटं करतेस. तू कोणाला अडवून धरलंयस ते तरी माहितेय का? तिला, का त्याला?’

म्हटलं, ‘आनंदाला मी कशाला अडवू?’

ती उठून आपल्या घरी गेली. दार मात्र हळूच लावलं तिने.

रविवार, १५ डिसेंबर

एलिशा म्हणाली, ब्लाउज तुम्हीच शिवा. पांढरी साडी तिने आणली आहे, बारीक चंदेरी काठाची. मी म्हटलं, बाजारात चांगले टेलर आहेत. ‘मला तुमच्या हातचा हवा,’ म्हणाली.

याच वहीत पुढे तिचं २०१९ चं माप आहे. छाती चौतीस, कंबर एकोणतीस. त्यावरच कापणार होते, पण म्हटलं एकदा बघू. आज छाती एकतीस भरली. दोनदा मोजली. फिता जुना आहे, ओढून ओढून ढिला झाला असेल. नवा आणला पाहिजे. खांद्याचं माप घेताना ती डोळे मिटून उभी होती. मान इतकी बारीक झाली आहे की हाड दिसतं. मी म्हटलं, ‘जेवत जा गं नीट.’

ती म्हणाली, ‘आई, पुढच्या रविवारी पहिलं पुकारायचं आहे. दाखला नाही मिळाला तर राहू दे. मी आनंदाला नाही म्हणून सांगते.’

‘असं कसं सांगशील?’

‘सांगेन. तुम्हाला सोडून, तुमच्या मनाविरुद्ध मला जायचं नाही. मारियाला वाईट वाटेल. पण सवय आहे तिला.’

मग ती बाथरूममध्ये गेली नि नळ सोडला.

फादरांनी खरं लिहायला सांगितलंय, म्हणून लिहिते. मला आनंद झाला. देवाशपथ, अंगात ऊन उतरल्यासारखं झालं. म्हटलं, ऐकलं देवाने. इथेच ठेवली. मी उठून खिचडी टाकली, तिला आवडते तशी, पापड भाजायला घेतले. दुसरा पापड भाजताना लक्षात आलं की नळ अजून वाहतोच आहे. एवढ्या वेळात दोन बादल्या भरून सांडल्या असत्या. बादलीचा आवाजच नव्हता. पाणी नुसतं फरशीवर पडत होतं.

पापड जळला. मी गॅस बंद केला नि तिथेच उभी राहिले. ‘सवय आहे तिला’ असं म्हणाली पोरगी. कोणाला सवय आहे? त्या सात वर्षांच्या मुलीला, का हिला?

मंगळवार, १७ डिसेंबर

सकाळी एलिशा क्लासला गेल्यावर कपाट उघडलं. शालू काढला. पाकीट काढलं. टेबलावर ठेवून आधी दोन शर्टांची काजं केली. मग हात धुतले. मग वाचला.

नाव, शार्दूल काशिराम साळवे. पुरुष. वय एकतीस. आईचं नाव, रंभा. माझं नाव आहे त्यात. मला माहीत नव्हतं की आईचं नाव घालतात. मृत्यूचा दिनांक ९ जुलै २०२२. ठिकाण हॉस्पिटल लिहिलं आहे. ते खरं नाही. यार्डाच्या गेटबाहेर ट्रेलर मागे घेत होते नि तो मोटरसायकलवर मागे थांबला होता. हॉस्पिटलमध्ये नुसता नेला.

त्या दिवशी सगळे मला धरून बसले होते, पण मी एलिशाला धरून बसले होते. सारखं म्हणत होते, हिला बघा, हिला पाणी द्या, हिने काही खाल्लं नाही. शवपेटी बंद करतानासुद्धा मी तिच्याकडेच बघत होते.

संध्याकाळी ती आल्यावर दाखला तिच्या हातात दिला. म्हटलं, ‘कपाटात होता. शालूत. पहिल्यापासून माहीत होतं मला.’

ती खाली बसली. पाकीट मांडीवर ठेवलं. मग पर्स उघडली नि तसलाच एक कागद काढला. नवा कोरा, महापालिकेचा शिक्का असलेला.

‘दुसरी प्रत मी कधीच काढली, आई. हेप्झिबामावशी आल्या होत्या बरोबर.’

‘मग फादरांना दिली का नाहीस?’

‘तुमच्या हातून यायला हवा होता. नाहीतर चोरून गेल्यासारखं झालं असतं.’

‘आणि मी दिला नसता तर?’

‘तर नसते गेले.’

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिने माझा हात धरला नि म्हणाली, ‘हात किती गार पडलेत तुमचे.’ मग आतून शाल आणायला गेली. तेवढ्यात मी म्हटलं, तुझ्या हाती देते, तू सांभाळ. पुढे काही जोडलं नाही या वेळी.

रविवार, २२ डिसेंबर

पहिलं पुकारलं. ‘लोखंडे कुटुंबातील आनंदा, विधुर, आणि साळवे कुटुंबातील एलिशा, शार्दूल काशिराम साळवे यांची विधवा. यांच्या विवाहास कोणाची हरकत असल्यास धर्मगुरूंना कळवावे.’ दोन बाया मागे वळून माझ्याकडे बघत होत्या. मी समोर गव्हाणीकडे बघत राहिले. बाळ येशू अजून ठेवलेला नाही, नुसतं गवत आहे.

नाताळ यंदा केला. करंज्या, शेव, स्वयंपाकघरात एलिशाच्या पाठोपाठ फिरत. हे मी पंचवीस तारखेनंतर लिहिते आहे, त्याच पानावर. जागा कमी आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

ब्लाउज अंगात बरोबर बसला. नवा फिता आणला होता. त्यानेही छाती एकतीसच भरली.

शनिवार, १८ जानेवारी

लग्न झालं. तिला वडील नाहीत म्हणून दारापासून वेदीपर्यंत मीच घेऊन गेले. चर्च लहान आहे आमचं. तरी त्या वाटेवर मला दोनदा श्वास घ्यायला थांबावं लागलं. दोन्ही वेळा तीही थांबली. आनंदाच्या हातात तिचा हात देताना तिची बोटं माझ्या बोटांतून सुटेनात. मीच एकेक सोडवली.

हेप्झिबा शेवटच्या बाकावर होती, जरीच्या साडीत. आमच्याबरोबर उठत होती, बसत होती.

गुरुवार, २३ जानेवारी

एलिशाचे दिवसातून तीन फोन. आनंदाही बोलला. ‘आई, कामोठ्याला या राहायला. एक खोली आहे.’ मी म्हटलं, युनिफॉर्मची कामं आहेत. खरं म्हणजे आत्ता कामं नाहीत, शाळा जूनला.

या घराचा इतका आवाज येतो हे माहीत नव्हतं. फ्रिज बोलतो. शार्दूलच्या मोटरसायकलची जादा चावी भिंतीवर आहे ती पंखा लावला की हलते. अडीच वर्षं हलत असणार. एलिशा असताना तिच्याकडे बघायचे, तिने खाल्लं का, झोपली का. आता बघायला दुसरं काही नाही. जिकडे बघावं तिकडे तोच.

बुधवार, २९ जानेवारी

काही करवत नाही. भाताचा कुकर दोनदा जळाला. प्रार्थना म्हणते, पण एलिशाचं नाव घेतलं की काही अडत नाही. तिला दिलं आहे, ते मला कळतं. ती सुखात आहे, फोनवर मागे ती मारिया बडबडत असते. मग छातीवर हे काय बसलं आहे?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

चर्चच्या ऑफिसात गेले. मिस्साची नावं लिहून घेतात तिथे. टेबलावर एक नवी मुलगी बसली होती, मला ओळखत नव्हती.

‘कोणासाठी मिस्सा हवी?’

‘माझ्या मुलासाठी.’

‘वाढदिवस? का आजारी आहेत?’

मी उभीच. मागे रांगेत दोघं होते. ती पेन धरून थांबली होती. मग परत म्हणाली, ‘आजी, कशासाठी लिहू?’

म्हटलं, ‘तो वारला.’

तिने लिहिलं. रविवारी सकाळची, म्हणाली. बाहेर पायऱ्यांपर्यंत आले. कठड्याला धरून बसले. रिक्षावाला दोनदा विचारून गेला, ‘मावशी, बरं हाय ना?’

रविवार, ९ फेब्रुवारी

मी कोणाला सांगितलं नव्हतं. तरी एलिशा आली, आनंदाला नि मुलीला घेऊन. चर्चच्या व्हॉट्सअॅपवर यादी येते म्हणे. माझ्या बाकावर येऊन बसली, माझ्या डाव्या बाजूला.

फादरांनी नावं वाचली. पाच नावं होती, त्याचं चौथं. ‘मृत शार्दूल काशिराम साळवे यांच्या आत्म्यास शांती लाभावी म्हणून.’

माझ्या तोंडून कसला आवाज निघाला ते मला माहीत नाही. लोक सांगतील. बाईमाणसाचा नव्हता तो. मी बाकावरून खाली आले, गुडघ्यांवर, तिथून पुढे फरशीवर. ‘माझा शार्दूल गेला,’ एवढंच ओरडत होते. अडीच वर्षांपूर्वी ओरडायचं ते. फादर थांबले. सगळं चर्च थांबलं. कोणीतरी म्हणालं, बाहेर न्या, आणि फादर वेदीवरून म्हणाले, ‘नको. राहू द्या त्यांना इथेच.’

एलिशा माझ्याजवळ फरशीवर बसली होती. मला वाटलं, ती मला धरते आहे, सावरते आहे. मग कळलं की तीही रडते आहे, माझ्याहून जोरात. लग्न होऊन तीन आठवडे झालेली पोर, नव्या नवऱ्यादेखत, पहिल्या नवऱ्यासाठी. मी तिला म्हटलं, ‘आनंदा काय म्हणेल?’ तर म्हणाली, ‘त्यांच्याकडे रडले मी. त्यांच्याकडेच रडत होते दोन वर्षं. आपल्या घरात कुठे रडायचं होतं, आई? तुम्ही त्याचं ताट वाढायच्या बाकी होतात.’

मी तिला धरून ठेवली होती, असं मी इतके दिवस लिहीत आले. तिचं रडणंही धरून ठेवलं होतं, हे मला माहीत नव्हतं. नळ सोडून रडत होती पोर. माझ्या घरात.

मिस्सा पुढे झाली. ख्रिस्तशरीर, म्हणजे ती पवित्र भाकर, घ्यायला मी उठू शकले नाही, फादर खाली आले नि तिथेच दिलं.

नंतर लोक गेले. आनंदा मुलीला घेऊन बाहेर थांबला. आम्ही दोघी बाकावर होतो. ती त्याच्याबद्दल बोलत होती. भेंडी खायचा नाही, बूट बांधता यायचे नाहीत त्याला नीट, लग्नाआधी पहिल्यांदा भेटला तेव्हा घाबरून तिचंच नाव विसरला होता. हे मला माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं, जन्मला तेव्हा रडलाच नाही, सुईणीने पाठीत मारलं तेव्हा रडला. हे तिला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, ‘आणखी सांगा.’

मी सांगत राहिले. तो होता, तो करायचा, तो म्हणायचा.